तीन शिट्ट्यांचा केक

आमच्या घरी नाताळचा केक तीन शिट्ट्यांत झाला. यात ज्यांना काही वावगं वाटत नाही, त्यांचं माझ्या सासूबाईंशी छान जमेल.

झालं असं, की गेल्या जूनमध्ये माझी बदली झाली आणि आम्ही पिंपळगाव रेणुकाईहून परतूरला आलो. (मी प्राथमिक शिक्षिका आहे. बदली हा आमच्या आयुष्यातला चौथा ऋतू असतो.) नवरा खूश, कारण त्यांचं ऑफिस जवळ आलं. सासूबाई खूश, कारण नळाला पाणी होतं. फक्त दहा वर्षांच्या सईचं बिनसलं. तिकडे अख्खा वर्ग तिच्या मैत्रिणींनी भरलेला होता आणि इथे कुणी तिच्याशेजारी बसायलाही तयार नव्हतं. जुलैभर ती शाळेच्या पायरीवर एकटीच डबा खायची आणि घरी येऊन सांगायची, "आज भाजी मस्त झाली होती." भाजी मी केलेली असायची, त्यामुळे पोरगी काहीतरी लपवतेय हे मला लगेच कळायचं.

दिवाळीनंतर मात्र तिला एकदम तीन मैत्रिणी मिळाल्या: आफ्रिन, भाग्यश्री आणि एस्तेर. मी मनातल्या मनात पेढे वाटले. एस्तेरची आई दवाखान्यात नर्स, वडील कामासाठी बाहेरगावी. दरवर्षी नाताळला मायलेकी जालन्याला आजीकडे जायच्या, पण यंदा नेमकी पंचवीस तारखेलाच आईला रात्रपाळी लागली. एस्तेर मधल्या सुट्टीत रडवेली झाली, तेव्हा आमच्या सईनं एका दमात जाहीर केलं की तू नाताळ आमच्या घरी कर, आपण सगळ्या मिळून स्लीपओव्हर करू आणि माझी आई नाताळचा सगळा खाऊ घरी बनवेल.

हे सगळं ठरल्यावर तिनं मला सांगितलं.

स्लीपओव्हर म्हणजे काय, हे सासूबाईंना समजावायला अर्धा तास गेला. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे पोरी मुक्कामाला येऊन राह्यल्या. येवढंच ना? मंग म्या करंज्या करते."

इथे मी माझ्या आयुष्यातली एक मोठी चूक केली. चौथीच्या वर्गाला भूगोल शिकवते त्याच आवाजात मी त्यांना सांगितलं की आत्याबाई, दिवाळी संपली, नाताळला करंज्या नसतात, चकल्या नसतात, नाताळला केक असतो. पोरीचा सण आहे, तो तिच्याच पद्धतीनं व्हायला पाहिजे. "बरं बाई," म्हणून त्या तूर सोलायला बसल्या.

मग मी मोबाईल हातात घेतला आणि चार दिवस व्हिडिओ पाहिले. त्यांतल्या बायका गोड हसत हसत दोन मिनिटांत सगळं करतात. मी ठरवलं: ब्रेडचे तारे, फळांचं झाड आणि कुकरमधला चॉकलेट केक. ताऱ्याचा साचा परतुरात मिळाला नाही म्हणून सुरीनं कापले. एकही तारा पाच टोकांचा निघाला नाही, बहुतेकांचा जालना जिल्ह्याचा नकाशा झाला. फळांच्या झाडासाठी उभ्या गाजराला टूथपिकनं द्राक्षं टोचायची होती. बाजारात द्राक्षं नव्हती, बोरं होती. बोराच्या पोटात बी असते, ही गोष्ट बत्तीस टूथपिक मोडल्यावर माझ्या लक्षात आली! (आणि मी विज्ञानही शिकवते.)

म्हणजे सगळी भिस्त केकवर आली. मैदा, कोको, साखर, दही, तेल, सोडा, सगळं मापात घातलं. कुकरच्या तळाशी किलोभर मीठ पसरलं, वर ताटली, ताटलीवर केकचा डबा. झाकणाची रिंग काढली, शिट्टी काढली, दोन्ही ओट्यावर ठेवली आणि गॅस अगदी बारीक केला. पन्नास मिनिटं लागणार होती. तेवढ्यात सईला घेऊन मी मुलींना त्यांच्या त्यांच्या घरून आणायला निघाले. आत्याबाईंना बजावून सांगितलं, "याच्याकडे लक्ष ठेवा." काय लक्ष ठेवायचं, ते सांगितलं नाही.

दुपारचे चार वाजले असतील. चौघी पोरी माझ्यापुढे जिना चढत होत्या. सई केकचं इतकं वर्णन करत होती की मलाच तो खावासा वाटायला लागला. आणि पहिल्या मजल्यावर आम्हाला कुकरची खणखणीत शिट्टी ऐकू आली. मी म्हटलं, शेजारच्यांचा वरणभात असेल. दुसऱ्या मजल्यावर दुसरी शिट्टी झाली. आमच्या दारात तिसरी झाली आणि आतून आत्याबाईंनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

मी चपला न काढता स्वयंपाकघरात शिरले. ओट्यावर रिंग नव्हती, शिट्टीही नव्हती. दोन्ही आपापल्या जागी, कुकरवर होत्या.

झालं होतं ते असं: आत्याबाईंनी सांगितल्याप्रमाणे लक्ष ठेवलं. त्यांना दिसलं की कुकरला शिट्टी नाही, रिंग नाही, आणि झाकण उचलून पाहिलं तर आत पाण्याचा थेंब नाही! चाळीस वर्षं शिट्ट्या मोजत स्वयंपाक केलेल्या बाईनं यातून दुसरं काय समजायचं? सून शिकलेली आहे, पण घाईत विसरली. त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं, पदराने धरून रिंग बसवली, शिट्टी लावली आणि गॅस मोठा केला.

"आत्याबाई, हे काय केलं?" मला रडू यायचं बाकी होतं.

"तुह्यी फजिती नको व्हायला पोरींसमोर," त्या समाधानानं म्हणाल्या, "म्हणून म्या सगळं बराबर करून ठेवलं."

वाफ जिरल्यावर झाकण उघडलं. किलोभर मिठाचं उकळतं पाणी डब्यात शिरलं होतं. केक फुगला होता, हे मान्य करायला हवं. वरून ओला, आतून चिकट, रंगानं काळा. बोट लावलं की दबायचा आणि पुन्हा वर यायचा. मी कोपऱ्यातला तुकडा चाखला. आजवर मी इतकं खारट लोणचंही खाल्लेलं नाही.

सई माझ्यामागे उभी होती. तिनं केक पाहिला, मग नकाशे पाहिले, मग बोरांचं आडवं झालेलं झाड पाहिलं. मला हात धरून बाल्कनीत नेलं आणि हळूच म्हणाली, "आई, आता त्या परत माझ्याजवळ बसणार न्हाईत."

तेव्हा मला माझ्या मोबाईलचा, त्या गोड हसणाऱ्या बायकांचा आणि सर्वांत जास्त माझाच राग आला. सहा महिन्यांनी पोरीला चार शब्द बोलायला कुणीतरी मिळालं होतं आणि मी ते तीन शिट्ट्यांत शिजवून टाकलं होतं. मी तिला जवळ घेतलं, एवढंच.

तेवढ्यात आतून मोहरी तडतडल्याचा आवाज आला.

आम्ही धावलो. आपल्या हातून काहीतरी बिघडलं आहे एवढं आत्याबाईंच्या ध्यानात आलं होतं, आणि बिघडलेल्या कुठल्याही पदार्थावर त्यांच्याकडे एकच इलाज आहे. त्यांनी केकच्या वड्या पाडल्या होत्या, त्यावर मोहरी, तीळ, कढीपत्त्याची फोडणी घातली होती, वर कोथिंबीर भुरभुरली होती आणि ताट मुलींसमोर ठेवलंसुद्धा होतं!

तिघी पोरी चांगल्या घरातल्या. प्रत्येकीनं एकेक वडी उचलली. तिघीही सावकाश चावत राहिल्या. शेवटी आफ्रिननं फार अदबीनं विचारलं, "काकू, हे गोड आहे का तिखट?"

"दोन्ही," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

एस्तेरनं पाण्याचा घोट घेऊन हसू दाबायचा प्रयत्न केला. तो तिला जमला नाही, पाणी नाकातून आलं आणि मग चौघी अशा काही हसत सुटल्या की भाग्यश्री पोट धरून फरशीवर बसली. सईसुद्धा हसत होती, पण मध्येच माझ्याकडे चोरून बघत होती.

डोळे पुसून एस्तेरनं विचारलं, "काकू, करंज्या न्हाई केल्या तुम्ही?"

"करंज्या? नाताळला?"

"मंग! आमच्याकडं नाताळलाच करतेत. करंज्या, चकल्या, अनारसे, सगळं. केक तं आम्ही दुकानातून आणतो. यंदा मम्मीला टाइमच न्हाई भेटला, म्हणून काहीच केलं न्हाई." शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज जरा बारीक झाला.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून खालच्या फळीवरचा रव्याचा डबा काढला.

पुढचे दोन तास माझ्या स्वयंपाकघरात मला कुणी विचारत नव्हतं. आत्याबाई पीठ मळत होत्या, आफ्रिन खोबरं किसत होती, भाग्यश्री पुऱ्या लाटत होती. एस्तेरनं सगळ्यांना तिच्या आजीसारखी मुरड घालायला शिकवलं, आणि आत्याबाई तिचा हात पाहून म्हणाल्या, "कुठं शिकली गं बाई येवढी बारीक मुरड?" ती लाजून लाल झाली. सईच्या करंजीवर तर तिनं ताराही काढून दिला, आणि तो तारा पाच टोकांचा होता. मीही दोन करंज्या भरल्या. दोन्ही तेलात उघडल्या आणि सगळं तेल काळं झालं. त्यानंतर माझ्याकडे ताटं पुसायचं काम आलं.

पोरींनी करंज्या खाल्ल्या, गाणी म्हटली, एकाच गादीवर चौघी आडव्या झाल्या. (ब्रेडचे नकाशेही संपले, हे इथे नोंदवून ठेवते.) सई मधोमध झोपली होती, इतकी दाटीवाटीनं की कूस बदलायला जागा नव्हती, आणि मला त्या गर्दीचा इतका आनंद झाला की मी दोनदा उठून बघून आले.

सकाळी एस्तेरची आई ड्युटीवरून थेट तिला न्यायला आली. रात्रभराच्या जागरणानं चेहरा उतरला होता. मी चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाली. पण एस्तेरनं डबा उघडून पुढे धरला, तशी दारातच उभ्या उभ्या तिनं करंजीचा घास घेतला आणि चावता चावता थांबली.

"रात्रभर जिवाला लागून राह्यलं होतं ताई," ती म्हणाली, "की पोरीचा सण कोरडा गेला." आत्याबाईंनी तिचा हात धरून तिला आत आणून बसवलं आणि ती मग चहाही प्यायली.

शाळा सुरू झाली त्या दिवशी सई धावतच घरी आली. आता ती डबा चौघींत बसून खाते आणि भाजीबद्दल काहीच सांगत नाही. मैत्रिणींना पुन्हा मुक्कामाला यायचंय, या वेळी वर्गातल्या आणखी दोघींना घेऊन. मी भरून पावले. विचारलं, "मग? मी काय काय बनवू?"

सईनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि फार मायेनं म्हणाली, "आजी आहे ना घरी. त्या दिवशी तुझी कुठं मीटिंग न्हाई का गं, आई?"