चौथी चादर

चार दिवस नणंदेकडं राहिले आणि चार चादरी घेतल्या. करमाळ्यात आमच्या घरी माणसं तीन, आणि चादरी आधीच सात होत्या. हसायचं असेल तर हसा.

नणंदेचं घर जुळे सोलापुरात, बाजाराच्या गर्दीपासून लांब. दुपारी एकदा फाटकं लागली की चार वाजेपर्यंत त्या गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नाही. लोकांना अशी शांतता आवडते म्हणे. मला तर तिथं पंख्याखाली पडलं की पाय आपोआप हलायला लागायचे. कारण मी खरेदीला आलेच नव्हते. मी आले होते माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला भेटायला, आणि मला बहीण आहे हेच माझ्या सासरी कुणाला ठाऊक नव्हतं.

आक्कानं बारा वर्षांपूर्वी सोलापुरातल्या एका तेलुगू विणकराच्या मुलाशी लग्न केलं, घरी न सांगता. सहा महिन्यांनी दोघं पाया पडायला आली. वडील आतून ओरडले, "कडी लाव!" आणि मी लावली. फटीतून तिच्या हातातला पेढ्यांचा पुडा दिसत होता. पुढं माझं लग्न ठरताना "एकुलती एक पोरगी" असं सांगितलं गेलं, आणि मी खाली मान घालून बसले. वडील गेल्या वर्षी गेले. तेव्हापासून आईनं धोशा लावला होता, "माझं गुडघं चालंना झालेत. तू तरी जा की गं. नुसती बघून ये तिला."

मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली तशी मी आले. रोज सकाळी नणंदेला "बाजारात जाऊन येते" म्हणायची आणि शेअर रिक्षात बसायची. आईनं दिलेला पत्ता पाठ होता. आक्काच्या गल्लीच्या तोंडापर्यंत झपाझप जायची. घराघरांतून यंत्रमागांचा खडखडाट यायचा, अगदी पायाखालची फरशी हलायची. आणि तिथं माझं अवसान गळायचं. तिनं माझ्या तोंडावर दार लावलं तर? लावावंच की! मी लावलं नव्हतं का? कोपऱ्यावर एक चहा, मग दुसरा चहा, मग माघारी. मोकळ्या हातानं परतले तर खरेदी कसली सांगणार, म्हणून वाटेत एक चादर.

संध्याकाळी आईचा फोन.

"भेटलीस?"

"उद्या जाते."

"उद्या उद्या करता मी मरून जाईन बघ."

माझाच मला इतका राग यायचा की जेवताना भाकरीचे नुसते तुकडे करत बसायची. आणि नणंद आपली शेंगाचटणी वाढतेय, "वैनी, करमाळ्यात चादरीचं दुकान टाकताय का काय?"

पाचव्या दिवशी दुपारी चारची माझी गाडी होती. सकाळी नळाला पाणी आलं होतं, चार दिवसांनी. नणंद अंगणात पाइप धरून टाकी भरत होती. मी चपला घालायला लागले तशी ती पाइपवरची नजर न काढता म्हणाली, "वैनी, चादरीसाठी कुणी चार दिवस फिरत न्हाय. मी काय विचारत न्हाय. पण आज शेवटचा दिवस हाय, काय असंल ते उरकून या."

"मी काय चोऱ्या करायला जाते का, वन्सं?" मी फाडकन बोलले. आणि तिथंच पायरीवर बसून रडले. सगळं सांगितलं. कडीचंसुद्धा.

तिची टाकी भरून वाहायला लागली. "अगंबाई! बहीण हाय व्हय! मला वाटलं दवाखान्याचं काय लपवताय." ती पळत आत गेली आणि माझ्या थप्पीतली वरचीच, म्हणजे चौथी, चादर पिशवीत घालून घेऊन आली. "बहिणीच्या घरी मोकळ्या हातानं जायचं नसतं. दादाला मी सांगते काय सांगायचं ते. उठा आता."

या वेळी चहा घेतला नाही. दार आक्कानंच उघडलं. केस अर्धे पिकलेले, त्यात कापसाचे तंतू. चार दिवस जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. मी पिशवी पुढं केली.

तिनं चादर बाहेर काढली, काठावरून बोट फिरवलं.

"विकत आणलीस?"

मी मान डोलावली. तेव्हा तिच्या मागं नजर गेली. दोन माग चालू होते, आणि भिंतीला टेकून चादरींची थप्पी छतापर्यंत. तीच फुलं, तोच लाल रंग. विणकराच्या घरी चादर! इतकी कशी मी खुळी? नणंदही खुळी!

"दे इकडं, परत नेते," मी चादर ओढली.

आक्कानं सोडली नाही. "हात लावू नकोस. बारा वर्षं झाली. माहेरची म्हणून एक चिंधी न्हाय माझ्याजवळ." मग आत वळून ती लेकीला ओरडली, "मावशी आलीय, पाणी आण गं!"

मी आत पाऊल टाकलं आणि सवयीनं मागं वळून दार लोटायला गेले.

"राहू दे," आक्का म्हणाली. "दार उघडंच राहू दे."

माझा हात कडीवर होता. तो मी काढून घेतला.