बॉनेटखालचं अक्षर

माझ्या फजितीच्या गोष्टी मुरबाडच्या जीप स्टँडवर सगळ्यांना पाठ आहेत. बकरी समजून दुसऱ्याचा बोकड घरी आणला ती, लग्नाची वरात चुकीच्या पाड्यावर नेली ती – मीच रंगवून सांगतो, मीच आधी हसतो. म्हणून लोकांना वाटतं, या माणसाच्या पोटात काही राहत नाही. राहतं हो. एक गोष्ट सहा वर्षं राहिली आहे. बायकोला माहीत नाही, स्टँडवर माहीत नाही. तुम्हाला सांगतोय – का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

गोष्ट इंजिन ऑइलची आहे. हसू येतंय ना? मलाही आधी वाटायचं, तेलाच्या डब्यात एवढं काय बुडणार?

मी मुरबाड–शहापूर जीप चालवतो. जीप तेव्हा माझी नव्हती, बायकोच्या मोठ्या भावाची, हरेशदादाची. माझी पोल्ट्री बुडाली, त्याआधी मंडपाचं काम बुडालं, तेव्हा दादानं एक शब्द न बोलता किल्ली हातावर ठेवली. गाडी तेव्हाच म्हातारी होती. किलोमीटरचा काटा तीन लाखांच्या जवळ येऊन बंद पडला होता – पुढचं मोजायची त्याला लाज वाटली असावी. चढाला मागे निळा धूर निघायचा. सीटवरच्या बाया नाकाला पदर लावायच्या.

गाडीचं सगळं काम जनू मिस्त्रीकडे. स्टँडच्या टोकाला पत्र्याची शेड, जाड भिंगांचा चष्मा, मोजकं बोलणं. त्याची एक पद्धत होती. तेल बदललं की बॉनेट उघडून आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं लिहायचा – तारीख, तेलाचा नंबर, खाली ‘ज’. स्टँडवरच्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटखाली तो ‘ज’ होता. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी बॉनेट उचलायचं. ‘ज’ दिसला की पुढचं बोलणं सोपं व्हायचं. त्या एका अक्षरावर त्याचं घर चालत होतं, असं म्हटलं तरी चालेल.

मी फोनवर एक व्हिडिओ पाहिला. पातळ, सिंथेटिक, महागातलं तेल – इंजिन पुन्हा जवान होतं म्हणे. सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा मिस्त्रीला सांगितलं, हेच टाक. तो पाना पुसत म्हणाला की जुन्या इंजिनात सगळं झिजलेलं असतं, फटी वाढलेल्या असतात. तिथे जाडसर तेलच टिकतं. पातळ टाकलंस तर फटींतून निसटून जळून जाईल, कळणारही नाही. आणि तेल कुठलंही असू दे, रोज सकाळी तेल मोजायची पट्टी काढून बघायची. एवढं सांगून थांबला असता तर – पण चार ड्रायव्हर उभे होते. मी वाद घातला. तेव्हा तो बोलला.

“अरे, आजोबाला पोराची चड्डी घालून पळवशील काय?”

सगळे हसले. त्या दिवसापासून मला ‘फोनवाला मिस्त्री’ म्हणायला लागले. मी इतरांना हसवणारा माणूस, पण माझ्यावर दुसऱ्यानं लोकांना हसवलेलं मला चालत नाही – हे तुम्हाला आता कळलं, मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मिस्त्रीनं त्याचं जाडसर तेल भरलं, बॉनेटखाली तारीख घातली, ‘ज’ काढला. दुसऱ्याच दिवशी मी शहापुरातून तो महागातला डबा आणला. घरामागे गाडीखाली शिरलो, नट खोलला, मिस्त्रीचं कोरं तेल कॅनमध्ये उतरवलं आणि माझं भरलं. बायकोला म्हटलं, जुनं तेल आहे, वाळवी लागलीय तिथे फास. तिनं गोठ्याच्या खांबांना फासलं. बॉनेटखालचं लिहिलेलं मात्र तसंच राहिलं. तेव्हा मुद्दाम नाही हो ठेवलं. पुसायचं सुचलंच नाही.

गाडी काय हलकी पळायला लागली. मी मनात म्हटलं, महिनाभर जाऊ दे, मग मिस्त्रीला सगळ्यांसमोर सांगतो. तेलाची पट्टी? नव्या तेलाची पट्टी कशाला बघायची?

अकराव्या दिवशी, शहापूरला जाताना, सरळगावच्या पुढे तेलाचा लाल दिवा लुकलुकला. मी डॅशबोर्डवर टिचकी मारली. विझला. पुन्हा लागला. गाडीत नऊ माणसं, एका बाईच्या मांडीवर तापानं फणफणलेलं मूल. थांबावं का? थांबलो तर पट्टी काढावी लागणार, आणि पट्टी काढली तर – मी थांबलो नाही. किन्हवलीच्या अलीकडे खालून टकटक सुरू झाली, कुणी आतून दार ठोकावं तशी. मग एक कर्कश आवाज, आणि गाडी जागच्या जागी आखडली. इंजिन जाम. ती बाई मुलाला खांद्यावर टाकून चालायला लागली. मी बॉनेटला हात लावून नुसता उभा.

टेम्पोनं गाडी ओढून मुरबाडला आणली, मिस्त्रीच्याच शेडसमोर. हरेशदादा आला. ड्रायव्हर जमले. दादा ओरडणारा माणूस नाही, म्हणून जास्त भीती वाटते.

“भावजी, तेल कधी बदललं होतं?”

इथे मी खरं बोलू शकलो असतो. फार तर काय झालं असतं – किल्ली गेली असती, आणि आयुष्यभर ‘फोनवाला मिस्त्री’. मी फक्त बॉनेट पूर्ण वर केलं आणि बोट दाखवलं. तारीख, नंबर, ‘ज’.

सगळ्यांनी वाचलं.

मिस्त्रीनं पट्टी काढली. टोकाला जेमतेम थेंब होता. त्यानं तो दोन बोटांत चोळला, हुंगला, पुन्हा चोळला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. तेवढ्यावरून कळलं.

“अक्षर माझा हाय,” तो दादाला म्हणाला. “तेल माझा नाय.”

“मंग काय तेल आपोआप बदलला, मिस्त्री?” मागून सुन्या ड्रायव्हर म्हणाला. दुसरा कोणी म्हणाला, जळून पातळ झालं असेल. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मिस्त्री माझ्याकडेच बघत होता. “तू सांग,” एवढंच म्हणाला.

“मी काय सांगू? मी फक्त गाडी चालवतो.”

हे माझं वाक्य. शब्दशः. त्यानं मान हलवली, पट्टी पुसून जागेवर खोचली आणि शेडमध्ये गेला. त्यानं भांडायला हवं होतं का? मी अनेकदा स्वतःला तसं समजावलंय – तो भांडला नाही, म्हणून. पण भांडायचं कशावर? लिहिलेलं त्याचंच होतं.

दादानं कल्याणहून इंजिन बांधून आणलं, किल्ली माझ्याकडेच ठेवली. म्हणाला, तुमचा काय दोष. स्टँडवरच्या गाड्या एकेक करून दुसरीकडे जायला लागल्या. गिऱ्हाईक बॉनेट उचलून ‘ज’ बघायचं आणि भाव पाडून मागायचं. मग ड्रायव्हरच तो ‘ज’ रॉकेलनं पुसायला लागले. दीड वर्षात शेडला कुलूप लागलं. मिस्त्री वाशिंदला एका कंपनीत मशिनांना तेल द्यायला लागला. आणि गंमत बघा – आता स्टँडवर जुन्या गाडीला कुठलं तेल टाकायचं हे मला विचारतात! एक इंजिन घालवलेला माणूस, अनुभवी. मी सांगतो, जाडसर टाका, रोज पट्टी बघा. त्याचेच शब्द, त्याच क्रमानं.

मागच्या महिन्यात मिस्त्रीचं कंपनीतलं काम संपलं. शेड पुन्हा उघडायची म्हणून तो स्टँडवर विचारत फिरत होता, कोणी गाडी कामाला देईल का. दोन-तीन गाड्या मिळाल्या तरी सुरुवात झाली असती. सुन्याची जीपही आता धूर टाकते. तो माझ्या खिडकीशी आला. मिस्त्री माझ्याच गाडीत मागच्या सीटवर बसला होता, शहापूरला निघाला होता. सुन्यानं आवाज खाली केला, पण गाडी बंद होती, मागे सगळं ऐकू जात होतं.

“तुझा इंजिन त्याच्याच हातान गेला ना? सांग, देऊ काय त्याला गाडी?”

आरशात मिस्त्री दिसत होता. तो बाहेर रस्त्याकडे बघत होता. सहा वर्षांनी तोच प्रश्न, आणि या वेळी मला किल्लीचीही भीती नव्हती. दादानं गाडी माझ्या नावावर केली होती. गमावण्यासारखं काहीच नव्हतं.

“बघ बाबा,” मी म्हणालो, “इंजिन तुझा हाय.”

सुन्यानं जीप कल्याणला दुरुस्तीला दिली. त्याचं बघून बाकीच्यांनीही. शेड उघडली नाही.

दादाच्या त्या गाडीतलं तेल मी बदललं होतं.