खोताच्या मागल्या दारी

पावस गावच्या त्या खोतावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. तो मेला तरी उतरला नाही. माघात त्याने देवळात, नारळावर हात ठेवून, आपली आंब्याची बाग मोसमापुरती मला दिली. फळ चांगलं धरलेलं दिसताच शब्द फिरवला आणि ती मुंबईच्या एका दलालाला दिली. वर मला म्हणाला, "खलाशाच्या पोराने होडी वल्हवावी."

मी कोर्टात गेलो नाही. आमच्याकडे जुनी रीत होती: फसवणाऱ्याच्या दारात अन्नपाणी सोडून बसायचं. दारात माणूस उपाशी आहे तोवर त्या घरात चूल पेटवायची नाही, कुणी जेवायचंही नाही. इंग्रज सरकारने ती बंद केली होती, वाडीने केली नव्हती.

सौद्यात मी कुणाला हार जात नसे, पण इथे चुकलो. त्याच्या दारात बसायला निघताना भरपेट भात आणि खारा बांगडा खाल्ला. भुकेचा बंदोबस्त केला, तहानेचा विचारच केला नाही.

दुपारपर्यंत त्या मिठाने जीव घेतला. फाल्गुनातलं ऊन, खाली तापलेली जांभ्याची पायरी. आधी थुंकी दाट झाली, मग तीही आटली. जीभ टाळूला चिकटली. लघवी थोडीशीच, गडद पिवळी झाली. संध्याकाळी पोटात भुकेने पीळ पडला, तो सकाळी गेला आणि भूक पुन्हा आलीच नाही. तिच्या जागी डोकं ठणकू लागलं, पोटऱ्यांत गोळे आले, भर उन्हात हुडहुडी भरली.

खोत ओटीवर येऊन विचारी, "काय रे, मेलास काय?"

"तुमच्या आधी नाही, खोत."

पुढे ओठ फुटले, तेवढंही बोलवेना.

नाक मात्र भलतंच तिखट झालं. घरातली चूल थंड, तरी मला लसणीच्या फोडणीचा वास आला. वाकून घरातून आरपार पाहिलं, तर शेजारणीचं झाकलेलं ताट मागल्या दाराने आत जात होतं. अस्सं! उठलो, तर डोळ्यांपुढे काळोख. भिंत धरून घराला वळसा घातला आणि मागल्या उंबऱ्यावर बसलो. शेजारीण पुन्हा ताट घेऊन आली, मला बघून तशीच परतली. पुढून आणायची सोय नव्हती, तिथे सगळी वाडी बघत होती.

थोड्याच वेळात आतून खोताच्या म्हातारीचा आवाज चढला.

"बाग दे त्याला, नाहीतर मी जाऊन त्याच्या शेजारी बसते!"

"आई, तू गप बस."

"गप कशाला? नारळावर हात काय मी ठेवला होता, मेल्या?"

खोत तांब्या घेऊन बाहेर आला. "घे. बाग तुझी."

"इथे नाही," मी कसाबसा म्हणालो. "पुढच्या दारी चला. सगळ्यांसमोर बोला."

माणसं जमेपर्यंत मी त्याला उन्हात तांब्या धरून उभा ठेवला. माझा सगळा जीव त्या पाण्यात होता, तरी हात पुढे केला नाही. त्याने बाग दिल्याचं सांगितलं. मला नीट ऐकू आलं नाही, असं मी म्हणालो. त्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

मग मी घटाघटा प्यालो. कोरड्या पोटाने ते सगळं तसंच परत टाकलं, त्याच्या सकाळीच सारवलेल्या अंगणात. कुणीतरी पाणी ओतायला धावलं, त्याला मी थांबवलं. अंगण तसंच ठेवून, अडखळत बाग बघायला गेलो.