नऊ वर्षांनी दिलेली साक्ष

माझा भाऊ दर रविवारी आईला मारायचा. इतर दिवशी नाही. इतर दिवशी तो मारेगावला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा, आईच्या गुडघ्यांसाठी तेलही आणायचा. पण रविवारी आई गावातल्या टिनाच्या शेडमधून, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरातून, परत आली की दारातच तिला धरायचा. "काय म्हणते तुहा देव? देते काय माह्यं पोरगं वापस?" मग हाताला येईल ते. चप्पल, पट्टा, एकदा चुलीतलं जळतं लाकूड.

नऊ वर्षांपूर्वी त्याचं पोरगं दीड वर्षाचं होतं, तापानं फणफणलं होतं. तो दवाखान्यात न्यायला निघाला तर आईनं अडवलं. म्हणाली, देवानं मले सांगतलं, नेऊ नका, बरं होते. प्रार्थनाघरातल्या सगळ्या मंडळीनं दोन दिवस प्रार्थना केली. तिसऱ्या दिवशी यवतमाळला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, पोरगं गेलं. वहिनी माहेरी गेली ती गेलीच.

मी यवतमाळला राहते. महिन्यातून एकदा जायचे आणि आईच्या पाठीवरचे वळ पाहून माझं डोकं फिरायचं. एकदा मी विळा घेऊन भावाच्या अंगावर धावले, तर आईच मध्ये पडली. ठाण्यात चल म्हटलं, ऐकेना. माझ्याकडे चल म्हटलं, तेही नाही. निदान प्रार्थनेला जाणं सोड म्हटलं, तर म्हणाली, "मार मले बसते नं? तुले काय होते?" मला तिचा राग यायचा, आणि खरं सांगते, तिच्या देवाचा जास्त. नऊ वर्षं एक बाई मार खाऊन याच्या दारात येते आणि याला काही वाटत नाही.

शेवटी भावानं तिचा हात मोडला. पुढच्या रविवारी प्लॅस्टर घातलेली आई निघालीच, म्हणून मीही सोबत गेले. प्रार्थना संपत आली की पास्टर साक्ष द्यायला सांगतात. देवानं काय भलं केलं ते लोक उभं राहून सांगतात. कुणाचा ताप उतरला, कुणाची म्हैस सापडली. आई नऊ वर्षांत कधी उठली नव्हती. त्या दिवशी उठली. तेवढ्यात भाऊ काठी घेऊन दारात आला. ती त्याच्याकडे पाहूनच बोलली.

"देवानं मले काहीच सांगतलं नोतं. समदे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले होते, म्हणून म्या माह्या मनानंच सांगतलं. देव खोटा नाही. खोटी मी हावो."

भाऊ म्हणाला, "नऊ वर्स काहून नाही बोलली?"

"तू देवाले शिव्या देत होता, पण सांजच्याले घरी येत होता. हे सांगतलं असतं तं तू मले सोडून गेला असता."

त्यानं ढोलकी फोडली. खुर्च्या भिरकावल्या. आवरायला गेलेल्या पास्टरांचं कपाळ फुटलं, रक्त त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उतरलं. मी आईला भिंतीशी ओढलं. पण तिच्या अंगाला त्यानं बोटही लावलं नाही. काठी टाकली आणि निघून गेला. अजून आला नाही. फोन उचलत नाही.

आता आईला कुणी मारत नाही. रविवार तिनं एकही चुकवलेला नाही. परवा मी चिडून म्हटलंच, खरं बोलून काय मिळवलं, होता तो पोरगाही गेला.

"देवावरचा आळ तं गेला," ती म्हणाली. आणि मग अशी रडली, जशी नऊ वर्षांच्या मारानं कधी रडली नव्हती.