हिराकाकींची झिनिया आणि माझ्याकडे राहून गेलेला निरोप

हिराकाकी काल सकाळी गेल्या आणि तेव्हापासून मला पाच मिनिटं एका जागी बसवत नाहीये.

लीव्ह टाकली, कॅन्सल केली, परत टाकली. तीनदा चहा ठेवला, तीनदा उतू घालवला.
म्हणून लिहितेय.

काकी माझ्या घरमालकीण. हिंजवडीच्या ट्रॅफिकला वैतागून मी दोन वर्षांपूर्वी मुळशीत त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

अंगणभर झिनिया. शेंदरी, राणी, आणि एक मळकट पिवळा रंग, जो मी कुठल्याच नर्सरीत पाहिलेला नाही.
बी त्यांच्या आईच्या अंगणातलं. लग्नात सोबत आणलेलं, दरवर्षी धरलेलं. माहेरी आता ना घर उरलंय ना माणूस.

ऑक्टोबरात त्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पुण्याला गेल्या. बाग माझ्यावर सोपवून.

मी अतिशहाणी. व्हिडिओ बघितला. सुकलेली फुलं खुडली की झाड नव्याने फुलतं म्हणे. काकी घरी येतील तेव्हा अंगण कसं टवटवीत दिसायला हवं!

सगळी वाळकी फुलं कापली आणि पाणी तापवायच्या बंबात घातली.
काहींच्या देठाला लाल दोरा होता. मला वाटलं, नजर लागू नये म्हणून असेल. तो मात्र नीट सोडवून देव्हाऱ्यात ठेवला.

दोरा म्हणजे, हे फूल बियाला राखलंय, हात लावायचा नाही. पुढच्या वर्षाचं सगळं बी तेवढंच होतं, हे मला नंतर कळलं.

काकी वॉकर धरून अंगणात उभ्या राहिल्या.
"दोरं देवाला आन् बी बंबात! लई शिकल्याली हायेस गं तू."

हसल्या. पण रात्री जेवल्या नाहीत. नंतर दोन दिवस अंगणाकडे पाठ करून बसल्या.

तिसऱ्या दिवशी पौडला जाताना रस्त्याकडेच्या एका घरापुढे तोच मळकट पिवळा दिसला. गाडी थांबवली.

घर निघालं काकींच्या धाकट्या जावेचं, सुमनकाकींचं.
रिसॉर्टला जमीन विकण्यावरून दोघींचं सहा वर्षं बोलणं बंद.

मी सगळं सांगितलं. सुमनकाकींनी ओंजळभर वाळकी फुलं पिशवीत भरली.
"तिनंच दिल्यालं बी हाय. मी नवी नवरी व्हते तवाचं."

मग पिशवी हातातून सोडेचनात.
"तिला इचार, सुमन आली तर चालंल का? निस्तं ये म्हनली तरी मी उद्याच्याला येते. आपनहून न्हाई यायची."

मी हो म्हटलं.

घरी येईपर्यंत माझी हिंमत गेली. नाव ऐकून काकींनी पिशवी उकिरड्यावर फेकली तर?
"पौडच्या एका बाईंनी दिलं," एवढंच बोलले.

ठरवलं, फुलं आली की सांगू. तेव्हा त्या खुशीत असतील.

काकी खुर्चीवरून सांगत होत्या, मी पेरत होते. रोपं वीतभर झाली तेव्हा शेंडे खुडायलाही त्यांनीच शिकवलं. रोज वाटायचं, आज सांगते. मग ऑफिसचा स्टँडअप कॉल, मग प्रोजेक्टचा रिलीज, मग उद्या.

गेल्या आठवड्यात कळ्या धरल्या. काल पहाटे काकींच्या छातीत कळ आली. पौडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मयताला सुमनकाकी आल्या. कुणी न बोलावता. काकींच्या पायांशी बसल्या. मग मला भिंतीकडे ओढून घेतलं.
"सांगितलं व्हतंस का गं? काय म्हनली?"

त्यांचा चेहरा बघवेना.

"परवाच म्हणाल्या," मी म्हटलं, "बोलव म्हणाल्या सुमनला."

त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. डोळे पुसले. आणि येईल त्या बाईला सांगत सुटल्या, "मला बोलावलं व्हतं तिनं. परवाच म्हनली व्हती."

आजही सकाळपासून सांगतायत. भिंतीपलीकडून मला ऐकू येतंय. प्रत्येक वेळी आवाज थोडा हलका होतो त्यांचा.

त्या फेसबुकवर नाहीत. म्हणून इथे कबूल करायचं धाडस. समोर जाऊन खरं सांगायचं की गप्प राहायचं, मला कळत नाहीये. कृपया "तू चांगलंच केलंस" असं कमेंटमध्ये लिहू नका.

काकी, तुम्ही खरंच तिला ये म्हणाला असतात का?

मला माहीत नाही. विचारायला माझ्याकडे अडीच महिने होते.

चुकले मी. तुमच्या भाडेकरणीचा शेवटचा नमस्कार.