पागा चौकाचा नकाशा आणि गोदाक्काची म्हैस

सरकारी कचेरीत जुने कागद दर काही वर्षांनी छाटून जाळतात. किस्से छाटायचा हुकूम मात्र अजून कुणी काढलेला नाही, त्यामुळे ते साचत जातात. आम्ही जुने लोक चहाला जमलो की एक जण किस्सा काढतो, दुसरा त्यात दुरुस्ती करतो, तिसरा म्हणतो, ‘अहो, तुम्ही तिथं नव्हताच!’ आणि चहा गार होतो. माझ्याकडचे बरेचसे किस्से एकाच जागेचे आहेत, पागा चौकाचे. आणि तिथं मी होतो. नुसता होतो असं नाही, त्या चौकाचा नकाशा माझ्या हातचा आहे!

* * *

संस्थान विलीन झालं त्यानंतरच्या दोनतीन वर्षांतली ही गोष्ट. मी कोल्हापुरात बांधकामाच्या एका कचेरीत ट्रेसर, म्हणजे नकाशे शाईनं गिरवणारा, होतो. माझ्यावर शिर्के ओव्हरसीअर, आणि शिर्क्यांवर पुण्याहून नवीन आलेले इंजिनीअर दामले साहेब. साहेब तरुण, हुशार, आणि कामाला वाघ. वरून हुकूम आला की पागा चौक नव्यानं बांधा, नागरिकांना तिथं भेटता-बोलता आलं पाहिजे.

पागा चौक म्हणजे पूर्वी घोडे बांधायची जागा. घोडे गेले, एक दगडी कमान राहिली आणि रस्त्याच्या कडेला घोड्यांच्या दावणीचं लांबलचक जोतं राहिलं. संध्याकाळी अख्खी पेठ त्या जोत्यावर बसलेली असायची.

दामले साहेबांनी आम्हाला समोर बसवून बेत समजावला. मधोमध कारंजं, भोवती फुलांचे वाफे, आणि कारंज्याकडं तोंड करून सोळा बाकं. जोतं पाडायचं, कमान ठेवायची. शेवटी साहेब म्हणाले, ‘लोकांना बोलायला हक्काची जागा मिळेल.’

शिर्के नम्रपणे म्हणाले, ‘सायेब, कोल्हापुरात माणसांना बोलायला जागा लागत न्हाय. गप बसवायला लागती.’

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला.

* * *

कारंज्याची जागा आखायला गेलो तर नेमक्या तिथंच गोदाक्काची म्हैस उभी होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं संध्याकाळी चौकात म्हशी येऊन उभ्या राहतात, समोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला तसाच हातात देतात. माणसं दूध पितात आणि गप्पा मारत उभी राहतात. पागा चौकात ही जागा गोदाक्काची. नवरा वारल्यावर त्या एका म्हशीवर तिनं संसार ओढलेला. म्हशीचं नाव राधी.

शिर्क्यांनी गोदाक्काला सांगितलं की मागच्या बोळात जा, इथं कारंजं व्हायचंय. तिनं माझ्या हातातला नकाशा ओढून उलटा धरला आणि विचारलं, ‘ह्यात माझी जागा कुटं हाय?’

मी नकाशा सुलटा केला आणि कारंज्यावर बोट ठेवलं.

‘मग ह्या कारंज्यातनं दूध येणार हाय काय?’

शिर्क्यांनी पुन्हा बोळाकडं हात केला. ती राधीला घेऊन बोळात गेली.

* * *

जोतं पाडलं, बाकं बसली. ओतीव लोखंडाचे पाय, सागवानी फळ्या, पाठीला छान बाक दिलेला. कारंज्याचं नुसतं कुंड तयार होतं, पाण्याची जोडणी अजून व्हायची होती. पण चौक देखणा दिसत होता हे मान्य केलं पाहिजे. फक्त तिथं माणूस नव्हता.

पहिल्या संध्याकाळी एकटे वस्ताद आले. शेजारच्या तालमीत ते पोरांना कुस्ती शिकवायचे, चौकातल्या गप्पांचे ते मुख्य. त्यांनी बाक निरखलं, फळीवर पाय देऊन वर चढले आणि बाकाच्या पाठीच्या कडेवर, पाय बाहेर सोडून, रस्त्याकडं तोंड करून बसले. दामले साहेब धावत गेले आणि बसायचं कसं ते दाखवू लागले.

वस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘सायेब, मला माणसं बघायची असत्यात. पाणी काय, आमच्या रांजणात बी दिसतंय.’

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत.

* * *

साहेब चिंतेत पडले. चौकात लोक बसतात का, असं वरून विचारणारं पत्र आलं होतं. साहेबांचा खिन्न चेहरा शिर्क्यांना बघवेना. शिर्क्यांनी कुणाला न विचारता तोडगा काढला. संध्याकाळी कचेरी सुटली की आमचे शिपाई, कारकून आणि रस्त्याचे गडी यांनी चौकात जाऊन बसायचं. मस्टरवर सही करूनच!

आम्ही सोळा बाकांवर बसलो. हुद्द्याप्रमाणे बसलो, कारण हेडक्लार्कच्या शेजारी बसायला शिपाई तयार होईना. कुणी कुणाशी बोलेना. बोलायचं काय, दिवसभर तीच तोंडं बघितलेली. एक शेतकरी बैलगाडी घेऊन कमानीखालून चालला होता. आमच्याकडं बघून त्यानं गाडी थांबवली आणि मला हळूच विचारलं, ‘पावणं, कोण वारलं?’

शिर्क्यांनी दुसऱ्या दिवशी मस्टर बंद केलं.

* * *

मग साहेबांनी ठरवलं की पेठेतली माणसं संध्याकाळी जातात तरी कुठं ते स्वतः बघायचं. मला बरोबर घेतलं. वस्ताद तालमीतून निघाले, आम्ही मागं. वस्ताद मागच्या बोळात वळले, आम्हीही वळलो.

त्या अरुंद बोळात निदान चाळीस माणसं दाटीनं उभी होती. वकील होते, मास्तर होते, तालमीतले पैलवान होते, चरव्या घेऊन आलेल्या बायका होत्या. कुणाच्या लग्नाची बोलणी चालली होती, कुणी निवडणुकीवर भांडत होतं. साहेब भिंतीला टेकून बघत राहिले. त्यांनी कागदावर जे काढलं होतं, ते सगळं तिथं चाललं होतं.

फक्त पेले रिकामे होते. गोदाक्का राधीच्या कासेला हात लावून बसली होती आणि राधी पान्हा सोडत नव्हती. अंधाऱ्या बोळात माणसं अंगावर आलेली तिला खपत नव्हती. चौकातली गर्दी बोळात आल्यापासून पंधरा दिवस हेच चाललं होतं. जेमतेम चरवीभर दूध निघायचं.

गोदाक्कानं साहेबांना ओळखलं. ती ओरडली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. ती म्हणाली, ‘आणि आठ दिस बगणार सायेब. न्हायतर हिला बाजार दाखवायचा. मग मी काय करणार, त्ये तुमीच सांगा.’

मला फार वाईट वाटलं. तिच्या जागेवर ते कारंजं मीच माझ्या पेननं काढलं होतं, आणि वर्तुळ छान आलं म्हणून खूशही झालो होतो.

परत येताना साहेब कचेरीच्या पायरीवर थांबले आणि म्हणाले, ‘उद्या सकाळी टेप घेऊन या.’

* * *

दुसऱ्या दिवशी आम्ही राधीची मापं घेतली!

इंजिनीअर, ओव्हरसीअर आणि ट्रेसर असे तिघे सरकारी कर्मचारी एका म्हशीभोवती टेप घेऊन फिरत होतो आणि पेठ ओट्यावर उभी राहून बघत होती. लांबी, उंची, शिंगांची रुंदी, वळायला लागणारी जागा. साहेब माप सांगत, शिर्के वहीत लिहीत. मी पोटाला टेप लावायला गेलो तशी गोदाक्कानं माझा हात धरला.

‘पोटाचं माप न्हाय घ्यायचं. दोन जिवांची हाय ती.’

साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग शिर्क्यांना सांगितलं की लिहा, पोट माहेरच्या माणसांनी मोजू दिलं नाही. शिर्क्यांनी तसंच्या तसं लिहिलं. ती वही अजून कुठंतरी असेल.

त्याच दिवशी मी ट्रेसिंगवरचं कारंजं ब्लेडनं खरवडून काढलं. त्या जागी राधीचा चौथरा आला, पाणी वाहून जायला उताराची पन्हळ आली. बाकं गेली. पाडलेल्या जोत्याच्या दगडांचा अर्धगोल कट्टा आला, बसलं की रस्ताही दिसावा आणि म्हैसही. चौथऱ्यावर साहेबांनी स्वतःच्या हातानं ‘म’ अशी खूण केली. मंजुरी यायची वाट न बघता शिर्क्यांनी चार दिवसांत कुंड बुजवून चौथरा आणि कट्टा बांधून घेतला आणि पाचव्या दिवशी गोदाक्का राधीला घेऊन आली. राधीनं जागा हुंगली, शेपटी हलवली आणि पान्हा सोडला. कट्ट्यावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि त्यात साहेबही होते.

* * *

सुधारलेला नकाशा वर गेला. वरच्या कचेरीत एक वयस्क, कडक अधिकारी होते, सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत. त्यांच्याकडून पृच्छा आली, ‘नकाशात “म” अशी खूण आढळते. सदर बांधकाम पक्के की कच्चे, याचा खुलासा व्हावा.’

दामले साहेबांना खोटं लिहिणं जमत नसे. त्यांनी खुलासा पाठवला, ‘“म” हे बांधकाम नाही. ते रोज संध्याकाळी चालत येते व दोन तासांनी चालत जाते.’

उलट टपाली पत्र आलं. मोठे साहेब समक्ष पाहणीला येणार. चौकात जनावर आढळल्यास कट्टा तोडून मूळ नकाशाप्रमाणे काम व्हावं, आणि मंजुरीशिवाय बांधकाम केल्याबद्दल दामल्यांची चौकशी व्हावी.

शिर्के म्हणाले, ‘एक दिवस म्हशीला घरात ठेवायला सांगूया की. मोठे सायेब बघून जातील.’

‘नको,’ दामले म्हणाले. ‘माणसं तिच्यामुळं येतात. तिला लपवून चौक दाखवला तर तो चौक खोटा. व्हायचं ते होऊ दे.’

नोकरी त्यांची जाणार होती, पण ताठ मानेनं मी फिरत होतो.

* * *

मोठे साहेब आले ते ऐन धारेच्या वेळी. डोक्यावर हॅट, हातात छडी, मागं फाइल घेतलेला शिपाई. कट्टा गच्च भरलेला. ते कुणाकडं न बघता सरळ चौथऱ्यापाशी गेले आणि राधीच्या समोर उभे राहिले. राधीनं त्यांच्याकडं बघितलं आणि पान्हा आवरला.

गोदाक्कानं खालूनच मान वर केली. ‘पावणं, समोर उभं ऱ्हाऊ नगासा. ती नव्या माणसाला बुजती. बसा तिकडं कट्ट्यावर.’

मोठ्या साहेबांना आजवर असं कुणी बोललं नसावं. ते वळले, जागा शोधू लागले. वस्ताद सरकले, त्यांच्या शेजारचे मास्तर सरकले, मधे एक माणूस मावेल एवढी जागा झाली आणि मोठे साहेब तिथं बसले.

राधीनं पान्हा सोडला. पहिला पेला पाहुण्याचा, म्हणून गोदाक्कानं तो त्यांच्या हातात दिला. ते नको म्हणणार होते, पण वस्तादांनी विचारलं, ‘गाव कुठलं म्हणायचं?’ गाव निघालं, गावातल्या तालमीचं नाव निघालं, मोठ्या साहेबांचे चुलते तिथं कुस्ती खेळायचे हे निघालं. दुसरा पेला त्यांनी स्वतः मागितला. दामले साहेब कमानीखाली घामाघूम होऊन उभे होते आणि कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं.

दिवे लागायची वेळ झाली तसे मोठे साहेब उठले. शिपायाकडून फाइल घेतली, पेन काढलं. लिहायला टेबल कुठं दिसेना. मग ते दोन पावलं पुढं झाले, फाइल राधीच्या पाठीवर ठेवली, नीट सपाट केली आणि उभ्याउभ्या शेरा लिहून सही केली.

ते गेल्यावर आम्ही तिघांनी फाइल उघडली.

‘चौक समक्ष पाहिला. बसण्याची व्यवस्था चांगली आहे. कट्टा कायम ठेवावा. चौकात जनावर आढळले नाही.’