उजवीकडच्या माणसासाठी

बाळांनो, काल नवी चटई उलगडली आणि तिच्या वासासरशी मी भिवपुरीच्या आमच्या क्वार्टरमध्ये पोचले. रोज संध्याकाळी चटईवर गुडघे टेकून प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्या माणसासाठी मोठ्याने प्रार्थना करायची, मगच जेवण, असा बाबांचा नियम होता. एका संध्याकाळी माझ्या उजवीकडे धाकटी रूथ होती आणि दुपारीच तिने माझं नवं पेन कालव्यात पाडलं होतं. माझी पाळी आली. चटईच्या काड्या गुडघ्यांत रुतत होत्या. उठता येत नव्हतं, बोलवत नव्हतं, आणि सगळे डोळे मिटून माझ्यासाठी थांबले होते.

"प्रभू वाट बघतोय," बाबा म्हणाले.

"भातही," आई पुटपुटली.

"ताई, बोल ना गं, भूक लागलीय," रूथ कुजबुजली.

मी दात आवळून म्हटलं, "प्रभू, रूथला आशीर्वाद दे. मला मात्र तिचं तोंडही बघायचं नाही."

आता बाबा रागावणार, असं वाटलं. पण ते म्हणाले, "आमेन. उद्याही खरं तेच बोल."

दुसऱ्या दिवशी मी तीच दोन वाक्यं म्हटली, तिसऱ्या दिवशीही. तेव्हा ती चटई मला कोठडी वाटायची. पण त्यातलं दुसरं वाक्य कोणत्या संध्याकाळी गळून पडलं, ते आज कितीही आठवलं तरी सांगता येत नाही.